शिक्षणाची वाट : कोर्टाच्या दारातले मानसशास्त्र

राबाची भाजणी उरकून पावसाची वाट पाहण्याचे हे दिवस. परीक्षांचे निकालही याच दिवसांत लागतात आणि आमच्या टपालाचा गठ्ठा फुगतो. यंदाच्या गठ्ठ्यातून शहापूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावांचे पत्र निवडले आहे. नाव-गाव छापत नाही.

भाऊ लिहितात : “पोरगी आसनगावहून लोकलने कल्याणला जाऊन बी.ए. झाली. विषय मानसशास्त्र. आम्हाला वाटले आता बी.एड. करील, शिक्षिका होईल. ती म्हणते, फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकायची. एका खाजगी विद्यापीठाचा माणूस दर दोन दिवसांनी फोन करतो. दोन वर्षांची फी भरा, नोकरी पक्की म्हणतो. आमची रस्त्याकडेला वीस गुंठे जागा आहे, गिऱ्हाईक दारात उभे आहे. विकू का? आणि घरची म्हणते, चोरखुन्यांत आणि वेड्यांच्या इस्पितळात बसणाऱ्या पोरीला कोण करून घेणार?”

भाऊ, जागा विकू नका. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे तुम्ही निवांतपणे वाचाल. पोरीला मात्र आडवे जाऊ नका. तिने धरलेली वाट खरी आहे, फक्त ती फोनवरचा माणूस सांगतो तितकी सपाट नाही.

या विषयाला मराठीत न्यायसहायक मानसशास्त्र म्हणतात. न्यायाच्या कामी मदत करणारे मनाचे शास्त्र. टीव्हीवरच्या मालिकेत एक हुशार बाई खुन्याच्या डोळ्यांत पाहते आणि गुन्हा ओळखते. प्रत्यक्षात तसे काही नसते. कोर्टाला काही साधे पण अवघड प्रश्न पडतात. हा माणूस आज खटला समजण्याच्या अवस्थेत आहे का? ज्या घटकेला त्याच्या हातून ते घडले, त्या घटकेला आपण काय करतो हे त्याला कळत होते का? सहा वर्षांच्या पोरीला काय घडले ते विचारायचे, पण कसे? या प्रश्नांची उत्तरे शोधायला मानसशास्त्र शिकलेला माणूस लागतो.

आपल्याकडे कोणी वेड्यासारखे वागले की “याला ठाण्याला पाठवा” म्हणायची पद्धत आहे. पुण्याकडचे लोक येरवड्याचे नाव घेतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. थट्टेत आपण त्या जागेचे नाव घेतो, पण आरोपीच्या मनाच्या अवस्थेविषयी कोर्टाला शंका आली, की त्याला अशाच रुग्णालयात तपासणीला पाठवतात. काही दिवस ठेवून घेतात. तो जेवतो कसा, झोपतो कसा, एकटाच बोलतो का, हे पाहून लिहून ठेवतात. मनोविकारतज्ज्ञ तपासतात आणि मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात.

या दोघांत तुमची गल्लत झाली आहे, कारण पत्रात तुम्ही “पोरगी डॉक्टर होणार का” असेही विचारले आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ कॉलेजात मानसशास्त्र शिकून येतो. औषध देत नाही, बोलतो, ऐकतो, चाचण्या घेतो. बुद्धीची वाढ किती हे पाहायला देशभर वापरतात ती बिने-कामत चाचणी. फ्रान्समधल्या बिने यांची चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांवर तपासून आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली. आजही कोर्टापुढे मतिमंदपणाचा प्रश्न आला, की अशा चाचणीचा आकडा अहवालात येतो. म्हणजे हे शास्त्र सगळेच परदेशातून तयार होऊन आलेले नाही.

आता एक खटला सांगतो. महाराष्ट्रातलाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९९४ साली एका पोलीस शिपायाने आपल्या बायकोच्या डोक्यात वाटण्याचा दगड घातला. ती गेली. दिवसाढवळ्या घडले. तो पळाला नाही की काही लपवले नाही. खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला दोषमुक्त केले. का? तर १९९२पासून त्याच्यावर मनाच्या आजाराचे उपचार चालू होते. आपल्यावर कोणी उठले आहे असा संशय घेणारा, स्किझोफ्रेनिया म्हणतात तो आजार. त्याच्या वडिलांनाही मनाचा आजार होता. घटनेनंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावे लागले होते. आणि खुनाचे कारण काय, तर त्याला नोकरी सोडायची होती आणि बायको नको म्हणत होती. एवढ्यावरून शहाणा माणूस असे करील का, हा विचार न्यायालयाने केला.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यात एका बाईचा जीव गेला हे विसरता येत नाही. तिच्या माहेरच्यांना हा निकाल कसा वाटला असेल, हेही मनात येते. पण कायद्याचे म्हणणे असे, की मनाच्या आजारामुळे ज्याला आपण काय करतो हे कळत नव्हते, किंवा ते वाईट आहे हे कळत नव्हते, त्याला गुन्हेगार धरू नये. पूर्वी हे भारतीय दंडविधानाचे कलम ८४ होते. १ जुलै २०२४पासून नवा कायदा आला, भारतीय न्याय संहिता, त्यात ते कलम २२ आहे. नुसता आजार असून भागत नाही. त्या घटकेला कळत नव्हते हे आरोपीच्या बाजूने दाखवावे लागते. आणि असा सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोकळा फिरत नाही. त्याला सुरक्षित जागी ठेवतात, किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकांच्या हवाली करतात.

यातले गावाने घेण्यासारखे एकच सांगतो, मग पुढे जाऊ. त्या शिपायाला वाचवले ते केसपेपरांनी. इस्पितळाच्या तारखा, औषधांच्या चिठ्ठ्या, कोणत्या दिवशी नेले याच्या नोंदी. आपल्याकडे घरात कोणाचे डोके फिरले, की आधी देवऋषी, मग उतारा, मग कोंडून ठेवणे, आणि सगळे गुपचूप. कागद कुठेच नाही. पुढे त्याच्या हातून काही झाले किंवा त्याच्यावर कोणी काही केले, तर कोर्टात दाखवायला काय आहे? सातबारा जसा ट्रंकेत जपता, तसे हे कागदही जपा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला एक कागद दहा वर्षांनी उपयोगी पडतो.

ठाण्यालाच दुसरी जागा आहे मध्यवर्ती कारागृह. हा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ला मराठ्यांनी घेतला, १७७४ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढे त्याचा तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना फाशी दिली ती इथेच. आज या तुरुंगाची दप्तरी क्षमता १,१०५ आहे आणि कल्याणच्या आधारवाडी तुरुंगाची ५४०. प्रत्यक्षात दोन्हीकडे माणसे त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे अजून खटला न संपलेले. गोठ्यात चार गुरांच्या जागी बारा बांधली तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. अशा गर्दीत माणसाचे मन ढासळते. कोणी जीव द्यायला निघतो, कोणी नशेच्या सवयीने तडफडतो. तिथे समुपदेशक लागतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ नावाचा प्रकल्प १९९०पासून तुरुंगातल्या लोकांसाठी काम करतो. ठाण्याच्या तुरुंगातही त्याची माणसे जात आली आहेत. घरी निरोप पोचवणे, वकील मिळवून देणे, सुटल्यावर कामाला लावणे. ऐकायला छोटी कामे वाटतात.

अठरा वर्षांखालच्या पोरांचे खटले नेहमीच्या कोर्टात चालत नाहीत. त्यांच्यासाठी बाल न्याय मंडळ असते. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई. भिवंडीला अशा पोरांचे निरीक्षणगृह आहे. २०१५च्या कायद्याने एक नवी गोष्ट आणली. सोळा ते अठरा वयाच्या पोराने फार गंभीर गुन्हा केला असेल, तर त्याची समज किती, परिणाम कळण्याची कुवत किती, हे मंडळाने तीन महिन्यांत पाहायचे आणि त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा की नाही ते ठरवायचे. या कामी अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते. विचार करा, सतरा वर्षांच्या पोराचे पुढचे सगळे आयुष्य त्या अहवालावर फिरू शकते. तुमची मुलगी कधी काळी असा अहवाल लिहायला बसली, तर दोन तासांच्या गप्पांवर किती भार टाकायचा, याचे भान तिला लागेल. ते भान पुस्तकातून येत नाही.

लहान मुलांची साक्ष ही आणखी नाजूक गोष्ट. २०२४च्या ऑगस्टात बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांचे प्रकरण झाले, तेव्हा सारा कल्याण पट्टा रस्त्यावर उतरला. तक्रार घ्यायला लागलेल्या वेळाबद्दल उच्च न्यायालयानेही पोलिसांना सुनावले. मुलांवरच्या अत्याचाराचा २०१२चा कायदा म्हणतो, की मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावा आणि मुलाचा विश्वास असलेले मोठे माणूस जवळ असावे. विचारण्याची रीतही महत्त्वाची. १९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर या दोघांनी एक प्रयोग केला. लोकांना मोटारींच्या अपघाताची एकच फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, ‘टेकल्या’ तेव्हा किती? ‘आदळल्या’ ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. एक शब्द बदलला आणि डोळ्यांनी पाहिलेले बदलले. मोठ्या माणसांची ही गत, तर घाबरलेल्या पोराला “त्याने असेच केले ना?” असे दहा वेळा विचारल्यावर काय होईल? गावात असे काही घडले, तर चौकशी आपण करत बसू नये. पोराला जवळ घ्यावे, सांगेल तेवढे ऐकावे आणि लगेच पोलिसांत जावे.

“खरे बोलायला लावणारे इंजेक्शन” याबद्दल पोरांना फार कुतूहल असते, म्हणून दोन शब्द. त्याला नार्को चाचणी म्हणतात. शिवाय खोटे पकडायचे यंत्र आणि मेंदूच्या लहरी मोजायची चाचणी. २००८ साली पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा झाली, तेव्हा जगभर चर्चा झाली. पुढे त्या आरोपीला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की यातली कोणतीही चाचणी माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही, आणि मर्जीने केली तरी तिचा निकाल हा पुरावा धरायचा नाही. तिच्यातून एखादी वस्तू वगैरे सापडली तर गोष्ट वेगळी. उद्या ठाण्यात बोलावून कोणी अशा कागदावर सही मागितली, तर वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. नकार देणे हा गुन्हा नाही.

आता शिक्षणाचे आणि पैशाचे. बी.ए. मानसशास्त्र झाले म्हणजे पाया झाला. त्यावर एम.ए. करायला पाहिजे. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग कालिन्याला आहे, आणि गंमत म्हणजे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, जिथे खोटे पकडायच्या यंत्रासारख्या चाचण्या होतात, तीही कालिन्यालाच. एम.ए. करताना मुलीने चिकित्सा मानसशास्त्राकडे वळावे, कारण पुढची बहुतेक दारे तिथून उघडतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि परिषदेने मान्य केलेला पुढचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. पण कोर्टात त्या नोंदणीला वजन आहे.

न्यायसहायक मानसशास्त्र याच नावाची पदव्युत्तर पदवी हवी असेल, तर गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. आधी ते गुजरातचे होते, २०२०च्या कायद्याने केंद्राचे झाले. तुरुंग, बालगृह, सुटलेले कैदी यांच्यात काम करायचे असेल, तर देवनारची टाटा संस्था. तिथे समाजकार्याच्या एम.ए.त गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय आहे. माझे मत विचाराल, तर तुमच्या मुलीने मुंबई विद्यापीठ आणि टाटा, दोन्ही ठिकाणी अर्ज करावेत. गावातून आलेल्या मुलीला टाटाचे शिक्षण जास्त मानवते असे मला वाटते. शेत, जात, दारू, जमिनीचा वाद हे तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पत्राने किंवा ऑनलाइन मानसशास्त्र शिकवतो म्हणणाऱ्यांपासून सावध. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या सत्रापासून हा विषय दूरशिक्षणाने शिकवायला बंदी केली आहे. चार महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन कोणी ‘गुन्हे मानसशास्त्रज्ञ’ होत नाही. फोनवरच्या माणसाला एवढेच विचारा : तुमच्या पदवीवर पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळते का? मिळत असेल तर परिषदेच्या यादीत दाखवा. आणि नोकरीची हमी विद्यापीठाच्या कागदावर लिहून द्या. पुन्हा फोन येईल असे वाटत नाही.

नोकऱ्यांचे खरे चित्र असे. २०२४ साली राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांसाठी १२५ जागांची जाहिरात निघाली. त्यात मानसशास्त्राच्या वैज्ञानिक सहायकाच्या जागा दोन. सबंध महाराष्ट्राला दोन. म्हणून वीस गुंठे विकून या दोन जागांवर डाव लावणे मला पटत नाही. पण त्याच एम.ए.वर इतर वाटा आहेत. मनोरुग्णालये, तुरुंग, बालगृहे, परिविक्षा अधिकारी, कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक (तिथे बहुधा समाजकार्याची पदवी मागतात), व्यसनमुक्ती केंद्रे, शाळा आणि संस्था. बाल न्याय मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी घेऊन काम करणाऱ्यालाही सदस्य होता येते. नव्या फौजदारी कायद्याने सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर जाणे आवश्यक केले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. प्रयोगशाळा वाढतील. मानसशास्त्राच्या जागा त्या हिशेबाने वाढतील असे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

ठाण्यातच १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था काढली, आय.पी.एच. तिचा ‘वेध’ हा व्यवसाय मार्गदर्शनाचा कार्यक्रम पोरांनी ऐकण्यासारखा असतो. एम.ए.ला जायच्या आधी मुलीने अशा ठिकाणी कामाची माहिती घ्यावी. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणे सगळ्यांना झेपत नाही, आणि झेपले नाही तर त्यात कमीपणा नाही.

हे शास्त्र शहरातल्या खुनांपुरते आहे असे समजू नका. ज्याने जीव दिला त्याच्या मागे राहिलेल्यांशी बोलून, त्याच्या मनात शेवटच्या महिन्यांत काय चालले होते हे शोधण्याची एक रीत आहे. तिला मानसिक शवविच्छेदन म्हणतात. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर वर्ध्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांनी असे काम केले. जीव दिलेला शेतकरी आणि त्याच्यासारखाच, पण तगून राहिलेला दुसरा शेतकरी, असे दोघे शेजारी ठेवून पाहिले. टाटा संस्थेनेही २००५ साली उच्च न्यायालयाला शेतकरी आत्महत्यांवर अहवाल दिला. २०१५ला सरकारने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तो अशाच विचारातून. कोणाच्या घरात आत्ता असे वारे वाहत असेल, तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ भिंतीवर लिहून ठेवा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

राहिला वहिनींचा प्रश्न. पन्नास वर्षांपूर्वी नर्स झालेल्या पोरींबद्दल गावोगाव हेच बोलले जायचे. पुढे त्याच पोरींची स्थळे मिळवायला लोक कसे धडपडले, ते वहिनींनी स्वतःच पाहिले असेल. आणि एवढे शिकलेल्या पोरीला कोण करून घेणार यापेक्षा, ती कोणाला पसंत करणार ही काळजी आधी येईल.

जूनमध्ये कोर्टाची सुट्टी संपली, की भाऊ, पेरणी उरकून एक दिवस काढा. मुलीला घेऊन कल्याणच्या सत्र न्यायालयात जा. मुलांचे आणि बायकांच्या अत्याचाराचे खटले बंद दाराआड चालतात, बाकीचे कोणालाही मागच्या बाकावर बसून ऐकता येतात. संध्याकाळच्या आसनगाव लोकलमध्ये तिला विचारा, आज काय पाहिलेस? ती काय म्हणाली, ते मला कळवा.